कुरणातले उलटे फूल

ऑर्किड, म्हणजे आपली आमरी, म्हटले की दाट रानातल्या झाडांच्या फांद्या डोळ्यांपुढे येतात. परंतु आल्प्स पर्वतात, वृक्षांची हद्द संपते त्याच्याही वर, गुरे चरतात त्या कुरणांत गवताच्या सोबतीने जमिनीवर वाढणाऱ्या आमरीही आहेत. त्यांपैकी निग्रिटेला अगदीच ठेंगणी. काळपट तांबड्या फुलांचा लहानसा गोंडा आणि व्हॅनिलासारखा वास.

तिचे कोडे उलगडले एका शाळामास्तराने. हेरमान म्युलर (१८२९–१८८३) जर्मनीतील लिपश्टाट या गावी शिकवीत. ऑर्किडच्या परागणावरचे डार्विनचे पुस्तक १८६२ मध्ये निघाले. त्या वाटेने म्युलरही निघाले आणि पुढे सुट्ट्यांत आल्प्सची कुरणे पालथी घालू लागले. काम साधे पण चिकाटीचे: फुलाशेजारी बसायचे, कोणता कीटक येतो, कुठे टेकतो, सोंड कशी घालतो ते टिपायचे.

बहुतेक आमरींत फूल उमलताना अंडाशयाला पीळ पडतो आणि ओठासारखी पाकळी खाली येते. कीटकाला बसायला जणू ओटाच! (आपल्या सह्याद्रीतल्या हबेनारियाच्या फुलामागे हा पीळ पाहता येतो.) निग्रिटेलात पीळच नाही, ओठ वरच राहतो. फुलपाखरू समोरच्या पाकळ्यांवर बसते आणि परागपुंज त्याच्या सोंडेच्या खालच्या अंगाला चिकटतात. डार्विनने ऑर्किसच्या फुलात टोकदार पेन्सिल घालून पाहिले होते, तेव्हा तिला चिकटलेले परागपुंज साधारण अर्ध्या मिनिटात खाली वाकले. असे वाकले तरच ते पुढच्या फुलाच्या कुक्षीवर नेमके टेकतात. निग्रिटेलाचे परागपुंज मात्र वर वाकतात. सारेच उलटे, म्हणून हिशेब जुळतो! डार्विनने १८७७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही नोंद म्युलरच्या नावानिशी घेतली.

शाळेत मात्र याच सुमारास वादळ उठले होते. म्युलर वर्गात उत्क्रांती शिकवतात, मुलांना धर्मापासून दूर नेतात, असा गवगवा वृत्तपत्रांनी केला आणि १८७९ मध्ये प्रकरण प्रशियाच्या विधिमंडळात गाजले. त्यांची नोकरी टिकली. पण १८८२ च्या नव्या अभ्यासक्रमात प्रशियाच्या वरच्या वर्गांतून जीवशास्त्रच वगळले गेले. शिक्षकांनी हा भाग ऑर्किडइतकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते.

म्युलरांचा आल्प्समधील फुलांवरचा ग्रंथ १८८१ मध्ये आला. सखल भागापेक्षा उंचावर फुलपाखरांचा वाटा मोठा असतो, हे त्यांनी त्यात नोंदींच्या आधारे मांडले. दोनच वर्षांनी, आल्प्सच्या फेरीवर असतानाच, टिरोलमधील प्राड या गावी त्यांचे निधन झाले.