जर्नलची यादी कोण बनवतं? युजीसीच्या मंजूर यादीची गोष्ट

पीएचडीला प्रवेश झाला की पहिला प्रश्न ठरलेला : पेपर कुठे पाठवायचा? आणि उत्तरही ठरलेलं : यादीत आहे का ते बघ. पण ही यादी येते कुठून, तिच्यात नावं कोण घालतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आज तेच बघू.

जर्नल्सची क्रमवारी लावण्याची कल्पना एका साध्या गरजेतून आली. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांच्यासमोर प्रश्न होता, की छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती जर्नल्स घ्यावीत? त्यांनी एका नामांकित जर्नलमधले वर्षभराचे संदर्भ मोजले. ज्याचा उल्लेख जास्त, ते आधी घ्या. पुढे यूजीन गारफिल्ड यांनी हीच मोजणी मोठ्या प्रमाणावर केली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स आणला. आजचं वेब ऑफ सायन्स त्यातूनच आलं. एल्सेव्हियरचं स्कोपस २००४ चं. म्हणजे ही साधनं जर्नल निवडायला आणि लेख शोधायला बनली होती, कुणाची नोकरी ठरवायला नाही.

आपल्याकडे २०१० च्या युजीसी नियमांनी प्राध्यापकांची भरती आणि बढती एपीआय गुणांशी जोडली. गुणांसाठी पेपर हवेत, पेपरसाठी जर्नल हवं. मागणी आली की पुरवठा येतोच. पैसे भरा, लगेच छापून घ्या, अशी दुकानं वाढली. काय ग्राह्य धरायचं हे ठरवण्यासाठी युजीसीने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर जर्नल्सची यादी काढली. त्यात मोठ्या डेटाबेसमधली जर्नल्स होतीच, शिवाय विद्यापीठांनी सुचवलेलीही होती. हा दुसरा दरवाजा गरजेचा होता, कारण मराठीसारख्या भाषांतली जर्नल्स परदेशी डेटाबेसमध्ये फारशी नसतात. पण दारावर तपासणारा कोण?

ते काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी केलं. त्यांचा लेख मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ जर्नल्समधून त्यांनी १,३३६ यादृच्छिक पद्धतीने निवडली. त्यातली स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधली ३२७ वगळून उरलेली १,००९ तपासली. ३४.५ टक्के पहिल्याच पायरीवर बाद! पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं यातलं काहीतरी नव्हतं किंवा चुकीचं होतं. आणखी निम्म्याहून जास्त जर्नल्समध्ये चुकीचा आयएसएसएन, खोटा इम्पॅक्ट फॅक्टर, संशयास्पद डेटाबेसमध्ये नोंद असल्याचा दावा असे प्रकार सापडले. निष्कर्ष असा, की या गटातली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स कमी दर्जाची असू शकतात.

मे २०१८ मध्ये युजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. जून २०१९ मध्ये युजीसी-केअर यादी आली आणि तपासणीचं काम पुणे विद्यापीठाकडे गेलं. मग ठगांनी नवा मार्ग काढला. यादीतल्या खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून नकली वेबसाइट काढायची! अशा नकली जर्नल्सची वेगळी यादी केअरलाच द्यावी लागली. स्कोपसही यातून सुटलं नाही. अशा पळवलेल्या जर्नल्सचे लेख तिथेही शिरल्याचं अ‍ॅना अबाल्किना यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये युजीसीने केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल निवडण्याची जबाबदारी संस्था आणि संशोधकांवर आहे. मोठ्या विद्यापीठात विचारायला चार जण असतात. आमच्या तुमसरसारख्या गावातल्या कॉलेजात बरेचदा फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जाहिरात असते. म्हणून पुण्याच्या त्या अभ्यासाची पद्धतच आपण उचलायची. जर्नल स्वतःबद्दल काय सांगतं यावर थांबायचं नाही. आयएसएसएन अधिकृत पोर्टलवर टाकून बघा. स्कोपसची जर्नल यादी आणि क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट पाहायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे नोंद तिथेच शोधा. संपादकांची नावं त्यांच्या संस्थेच्या पानावर जुळतात का पाहा, आणि जमलं तर एकाला ईमेल करून विचारा. शेवटी त्या जर्नलमधले दोन-तीन पेपर स्वतः वाचा. यादीत नाव आहे म्हणजे कुणीतरी, कधीतरी ते नाव तिथे घातलं, एवढंच कळतं. जर्नल चांगलं आहे की नाही, हे त्यातले पेपर वाचल्यावरच कळतं.