गुरांच्या डॉक्टरची गाडी

7 ऑक्टोबर 1948. पॅरिसच्या ग्राँ पालेत, काचेच्या छताखाली, तुम्ही गर्दीत टाचा उंचावून उभे आहात. समोर सित्रोएनची नवी गाडी, ‘टू सीव्ही’. शेजारचा सुटातला माणूस फिसकन हसतो. राखाडी पत्र्याचा फुगीर डबा, वळ्या पाडलेलं बॉनेट, छताच्या जागी कॅनव्हास! इंजिन बघायला तुम्ही वाकता, पण बॉनेट बंदच. हसू गर्दीभर पसरत जातं.

त्यातून निसटून तुम्ही नऊ वर्षं मागे जाता. ला फर्ते-व्हिदामचं चाचणी मैदान, उंच भिंतींच्या आड. कंपनीचे प्रमुख पिएर बूलांजे यांची मागणी इथे सगळ्यांना पाठ आहे : लाकडी बूट घातलेले दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे बसावेत, ताशी 60 किलोमीटर वेग मिळावा, 3 लिटर पेट्रोलमध्ये 100 किलोमीटर जावी. आणि टोपलीभर अंडी घेऊन नांगरलेल्या शेतातून गेली, तरी एकही फुटू नये. समोरून येणाऱ्या नमुन्याला हेडलाइट एकच. कायद्याला एक पुरतो, मग दुसऱ्याचा खर्च कशाला? पण सप्टेंबरात युद्ध पेटतं. तयार झालेल्या सुमारे 250 गाड्यांपैकी बहुतेक मोडल्या जातात, काही दडवल्या जातात.

आता 1952. डोंगराळ मुलूख, पाऊस. तुम्ही एका गुरांच्या डॉक्टरशेजारी बसला आहात. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून आहेत. ज्याचं पोट फिरतीवर, त्याला आधी.

निघण्यापूर्वी डॉक्टर टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल बघतात, काटा नाहीच. सीट म्हणजे नळ्यांच्या चौकटीवर रबराच्या पट्ट्यांनी ताणलेलं कापड, झोळीसारखं. डॅशबोर्डातून बाहेर आलेला गिअरचा दांडा ते ओढतात, वळवतात, ढकलतात. पुढे दोन सिलिंडरांचं 375 सीसीचं इंजिन फटफटतंय. ताकद जेमतेम 9 अश्वशक्ती. इटालियन अभियंता वॉल्टर बेकिया यांनी ते हवेवर थंड होणारं केलं. रेडिएटर नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पाणी गोठायची धास्तीही नाही.

गाडी रस्ता सोडून शेतात उतरते. तुम्ही दार घट्ट धरता. गाडी होडीसारखी झुलते, पण हाडं खिळखिळी करणारा दणका बसत नाही. मर्म खाली आहे : प्रत्येक बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकाच आडव्या नळकांड्यातल्या स्प्रिंगांना जोडलेलं. पुढचं चाक ढेकळावर चढलं, की त्याचा जोर मागच्या चाकापर्यंत पोचतो आणि गाडीचं नाक वर उसळत नाही.

चढ लागतो. गाडी मंदावते, तसा वायपरही मंदावतो. स्पीडोमीटर फिरवणारी केबलच त्यालाही फिरवते. गोठ्याच्या दारात गाडी थांबते आणि काच पावसाने आंधळी होते.

“ती मूठ फिरवा,” डॉक्टर बॅग उचलत म्हणतात.

तुम्ही मूठ फिरवता. वायपर कुरकुरत सरकतो. पुसलेल्या काचेतून कंदील धरलेली बाई दिसते, तिच्यामागे अडलेली गाय. ग्राँ पालेत हसणाऱ्यांत ही बाई नव्हती. डॉक्टर चिखलात उतरतात. ती धावत पुढे येते, गाडीकडे बघतही नाही.