मोळीचा हक्क आणि मोळीचा हिशोब

आमच्या धरमपेठेत गॅसचा सिलिंडर दारात येतो. डोंगराकडच्या तुमच्या गावांत मात्र सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते, आणि गाई-बकऱ्यांना चारा तर रोजच लागतो. हे जळतन आणि चारा नेमका कोणाचा, यावर आपल्या भागात मोठा लढा झाला आहे. आज त्याविषयी बोलू.

१८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. मालगुजारी गावांत जळतन, चराई, घरासाठी बल्ल्या या गरजांना 'निस्तार' म्हणत. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये तो हक्क लिहिलेला असे. पण १८७८ च्या वन कायद्याने सरकारला जंगल राखीव करण्याचा मोठा अधिकार दिला. राखीव जंगलात परवानगीशिवाय गवत कापणंही गुन्हा ठरलं.

१९३० मध्ये गांधीजींनी मीठ उचललं. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून लोकांनी विळा उचलला. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, तेव्हा आपल्याच प्रांतात असलेल्या सिवनी जिल्ह्यात, तुरिया गावी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चार जण गेले. त्यांतल्या तिघी बाया होत्या. गवताचा भारा किती महाग पडला, ते यावरून कळतं.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तिची जंगलं सरकारकडे आली. निस्तार कागदावर राहिला, पण जंगल राखायचं काम खात्याचं झालं. जे आपलं नाही ते राखायचं कशाला, असं लोकांना वाटू लागलं तर नवल नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळी वाट धरली. घरच्या गरजा जंगलातून भागवायच्या, पण किती आणायचं, कधी आणायचं हे ग्रामसभेने ठरवायचं आणि राखणही गावानेच करायची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळण्याआधीपासून गावाने शिस्त पाळली होती.

आम्हाला या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. हक्क नसेल तर नियोजन टिकत नाही, आणि नियोजन नसेल तर मिळालेला हक्क जंगलासकट संपतो.

मग आपण काय करायचं? बचत गटाच्या बैठकीत हिशोब मांडा. प्रत्येक घरी एक मोळी किती दिवस पुरते? पावसाळ्यासाठी किती सरपण साठवावं लागतं? चारा कोणत्या महिन्यात तुटतो? मग जंगलाचे भाग पाडा आणि दरवर्षी एक भाग चराईला बंद ठेवा. तिथलं गवत बी गळल्यावर विळ्याने कापून आणा. सरपणाला वाळलेलं लाकूड घ्या, मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावू नका.

हा हिशोब ग्रामसभेत मांडा. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी किमान एकतृतीयांश बाया असाव्या लागतात, असा २०१२ पासूनचा नियम आहे. मोळी आपल्या डोक्यावर येते, तर ठरावही आपल्यासमोरच झाला पाहिजे.