टेलच्या शेतापर्यंत पाणी

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. त्या दिवशी आम्ही वर्गातल्या फळ्यावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव उर्दूत लिहितो. नाव लांबलचक, मुले वाचताना अडखळतात आणि हसतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, ‘‘सर, ये तो कर्नाटक के थे ना? अपना इनसे क्या ताल्लुक?’’ आम्ही त्याला उद्या सांगतो म्हणालो. घरी येऊन पुस्तके काढली आणि उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडले.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर वारले. मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून त्यांनी बेंगळुरात शिक्षण घेतले. तिथून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ मध्ये इंजिनियरिंगच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये त्यांना बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियरची नोकरी मिळाली. पहिली नेमणूक झाली ती नाशिकला! पुढे लगेच खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात ओढ्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाचे, म्हणजे सायफनचे, काम त्यांच्याकडे आले. भर पावसात, पुराशी झगडत त्यांनी ते पुरे केले.

हे खोरे साधे नव्हे. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी आणायचे आणि शिवाराचे फड पाडायचे. एका फडात एका वर्षी एकच पीक. पाणी कोणी मनमानीने तोडायचे नाही. ते पाटकऱ्याने द्यायचे. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असे. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे, म्हणजे तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाटाच्या तोंडाशी असलेला तालेवार आणि टेलचा गरीब, दोघांनाही पाणी. मालेगावच्या यंत्रमागांचा खडखडाट सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच मोसमच्या काठी इन्साफाची ही रीत नांदत होती, हे आमच्या मुलांना कोण सांगणार?

पुढे १८९९ मध्ये विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. जमिनीचे गट पाडायचे, पिकांची फेरपालट ठरवून द्यायची आणि पाणी मोजून अधिक गावांना वाटायचे. सुरुवातीला तिला विरोध झाला. ही कल्पना त्यांना फडावरून सुचली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दोन्हींतले साम्य डोळ्यांत भरते.

या माणसाच्या पायाला भिंगरी होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे सक्करला सिंधू नदीचे गढूळ पाणी लोक पीत होते. यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून गाळलेले पाणी १८९५ मध्ये शहराला दिले. १८९८ मध्ये ते जपान पाहून आले. खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता पाणी वाढले. १९०६ मध्ये सरकारने त्यांना एडनला पाठवले. हजच्या आगबोटींच्या वाटेवरचे ते बंदर पाण्यासाठी तडफडत होते. लाहेजच्या बाजूला कोरड्या दिसणाऱ्या नदीच्या वाळूखाली पाणी आहे, ते आणा, असे त्यांनी सुचवले.

आणि हैदराबाद! २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे वाहून गेली. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असे आजही सांगतात. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले यावरून गोदावरीचा पूर मोजणाऱ्या आम्हा नाशिककरांना ती रात्र वेगळी समजावून सांगायला नको. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणे धाडले, तेव्हा ते युरोपात होते. १९०९ मध्ये येऊन त्यांनी शहराच्या वर जलाशय बांधण्याची योजना दिली. तीतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. ज्या पाण्याने शहर बुडवले, तेच पाणी शहर पिऊ लागले.

घराविषयीही सांगितले पाहिजे. स्वतःच्या संसाराचे सुख त्यांना फारसे लाभले नाही. पण आई आणि गोतावळा मोठा. १९१२ मध्ये म्हैसूरची दिवाणी चालून आली, तेव्हा त्यांनी आईला आणि आप्तांना जमवून सांगितले म्हणतात, ‘माझ्याकडे कोणी कोणाची शिफारस आणणार नसाल तरच हे पद घेतो.’ आम्हांला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. घरावर माया करावी, पण सरकारी दप्तराबाहेर!

इथवर सारे गोड आहे. पण वर्गात अर्धेच सांगणे आम्हांला जमत नाही. म्हैसूरच्या नोकऱ्यांत ब्राह्मणांचा भरणा फार होता. महाराजांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमून मागासांना, त्यांत मुसलमानही आले, जागा राखण्याचा विचार सुरू केला. विश्वेश्वरय्यांना तो पटला नाही. आधी शिक्षण वाढवा, नोकरी गुणांवरच द्या, असे त्यांचे मत होते. याच मतभेदातून त्या वर्षाअखेर त्यांनी दिवाणी सोडली. त्यांची नियत आम्ही खोटी म्हणत नाही. सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांच्याच काळात सुरू झाले, म्हैसूर विद्यापीठही १९१६ चे. पण आमच्या मनात एक प्रश्न राहतो. पाटाच्या तोंडाशी बसलेला आपण होऊन पाणी पुढे सोडत नाही, त्यासाठी नियम लागतो आणि पाटकरी लागतो. हे कालव्यावर ज्यांनी ओळखले, त्यांना कचेरीत ते का दिसू नये? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आय.ए.एस. अधिकाऱ्यांत मुसलमान ३ टक्के निघाले, लोकसंख्येत १३.४ टक्के असताना. टेलपर्यंत पाणी पोहोचले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

१९५५ मध्ये भारतरत्न मिळालेला हा म्हातारा शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये गेला. ज्यांच्याशी वाद घालावासा वाटतो, तीच माणसे आपली होतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले आणि नकाशावर नाशिक, सक्कर, एडन, हैदराबाद शोधायला लावले. चारही गावे सापडल्यावर तो म्हणाला, ‘‘सर, शुरू तो अपने यहाँ से हुए!’’ मग आम्ही त्याला मिलर समितीचेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने एवढेच विचारले, ‘‘सर, इंजिनियर होने के लिए कौन सा सब्जेक्ट लेना पड़ता?’’