कल्याणचा राजा, माझा लूर-बॉक्स आणि लेकुरवाळी मरळ

तर झालं असं, की १५ ऑगस्टला जोडून वीकेंड आला. रिलीज आदल्याच दिवशी पार पडलेलं, मॅनेजर खूश, म्हणून शुक्रवारी रात्रीच्या बसने पुण्याहून थेट उमरगा गाठलं. सोबत नेहमीची सॅक आणि एक नवा कोरा लूर-बॉक्स. त्यात चमचे, लाकडी मासे, रबरी गांडुळं आणि एक हिरवा रबरी बेडूक. एकूण खर्च चार हजारांच्या वर. (हा आकडा घरी कुणाला सांगू नका. :-))

गेलं वर्षभर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी अमेरिकन लोकांचे बास फिशिंगचे व्हिडिओ बघत होतो. बास म्हणजे 'पुरे' या अर्थाचा बास नव्हे, तर मोठ्या तोंडाचा, दबा धरून बसणारा आणि समोर काही हललं की झडप घालणारा मासा. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा, आपल्या तलावात नाही. पण त्याच स्वभावाचा आपला एक मासा आहे, मरळ. गवतात दडून बसतो, बेडूक दिसला की सुटतो. म्हटलं, लॉजिक तेच, फक्त प्लॅटफॉर्म वेगळा.

शनिवारी सकाळी गावाजवळच्या एका तलावावर गेलो. तिथल्या मच्छीमार संस्थेतले एक भोई मामा काठावर जाळं विंचरत बसले होते. त्यांना विचारून सुरुवात केली. तीन तासांत सगळा बॉक्स पाण्यात घालून झाला, मासा शून्य. मामा मधूनच बघत होते. शेवटी म्हणाले, "काय सायेब, बेडकाला बॅटरी हाय का?"

मग मला एका जागी पाण्यावर लालसर ठिपक्यांचा घोळका खदखदताना दिसला. काहीतरी आहे तिथे! मी बेडूक त्या दिशेने फेकणार, तोच मामा उठून उभे राहिले. "तिथं नका टाकू. लेकुरवाळी हाय ती."

मला वाटलं, मामा स्वतःची जागा राखून ठेवतायत. किती चुकीचं वाटलं होतं, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्या दुपारी चिडून मी लॅपटॉप उघडला आणि भलतीकडेच पोचलो.

लूर, म्हणजे खोटं आमिष, ही कल्पना जुनीच. पण त्याचा धंदा झाला तो एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेत ज्युलिओ बुएल नावाच्या माणसाच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि बुडता बुडता लकाकणाऱ्या त्या चमच्यावर मासा धावला, अशी दंतकथा आहे. चमचा पडला की नाही देव जाणे, पण १८५२ मध्ये त्याला चमच्याच्या लूरचं पेटंट मिळालं हे खरं. फिनलंडच्या लाऊरी रापालाने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा, जखमी माशासारखा लडखडणारा लूर कोरला. ओहायोच्या निक क्रीमने १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ बनवलं. आणि १९६७ मध्ये रे स्कॉट या विमा एजंटने आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर १०६ जणांची स्पर्धा भरवली. तिथून बास पकडणं हा मोठा खेळ झाला आणि लूरची दुकानं भरून वाहू लागली.

या सगळ्याच्या मुळाशी साधे तीन प्रश्न आहेत. मासा काय खातो? पाणी कसं आहे? आणि तो आत्ता कुठे बसलाय? पाणी नितळ असेल तर खऱ्या भक्ष्याच्या रंगाचा लूर चालतो. गढूळ असेल तर मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर ओळखतो, म्हणून तिथे खळबळ करणारा लूर लागतो. गवत दाट असेल तर गळाचं टोक झाकलेला बेडूक, म्हणजे तो गवतात अडकत नाही. सकाळी-संध्याकाळी वरच्या पाण्यात, उन्हं चढली की खोल. आणि रोहूसारखा माशांमागे न धावणारा, शेवाळ-पाला खाणारा मासा असेल तर चमचा नाचवून उपयोग नाही, त्याला कणकेचा गोळाच हवा. मी तासाभरात नेमका हाच घोळ घातला होता. पावसाने चहासारखं झालेलं पाणी आणि मी त्यात नाजूक पारदर्शक मासोळ्या फिरवत होतो.

असो. हे वाचता वाचता एक संदर्भ दिसला आणि मी ताठ बसलो. मासे गळाने कसे पकडावेत, कुठल्या माशाला काय खाऊ घालावं, यावर एका राजाने बाराव्या शतकात अख्खं प्रकरण लिहिलंय. आणि तो राजा होता कल्याणचा.

आता कल्याण म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांना लोकलचं कल्याण आठवतं. आमचं कल्याण वेगळं. उमरग्याहून हैदराबादच्या दिशेने निघालं, तुरोरी मागे टाकून कर्नाटकात शिरलं आणि सस्तापूर बंगल्याला वळलं की बसवकल्याण. चाळीसेक किलोमीटर फक्त. लहानपणी मामाच्या जीपमधून तिथे जायचो, किल्ला बघायचो, भजी खायचो आणि परत यायचो. हे गाव कधीकाळी तुंगभद्रेपासून नर्मदेच्या आसपासपर्यंत पसरलेल्या चालुक्य राज्याची राजधानी होतं, हे शाळेत एका ओळीत उरकलं होतं.

तिथला राजा सोमेश्वर तिसरा. राज्यकाळ ११२६ ते ११३८. वडील विक्रमादित्य सहावा हे मोठे योद्धे, त्यांच्याच दरबारी बिल्हण कवी आणि 'मिताक्षरा'कार विज्ञानेश्वर. मुलाचा ओढा मात्र पुस्तकाकडे. त्याने संस्कृतात 'मानसोल्लास' लिहिला, ज्याचं दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी'. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणं, एकूण शंभर. त्यात राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं इथपासून हत्ती, घोडे, कुस्ती, गाणं, स्वयंपाक सगळं. ग्रंथात शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९चा उल्लेख आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंद याच ग्रंथातली. आपल्या इडलीची पूर्वज आणि मांडेही यात भेटतात. थोडक्यात, हा राजा म्हणजे त्या काळचा ब्लॉगर. :-)

त्यातल्या करमणुकींच्या भागात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला, त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये आला. पण मत्स्यविनोदाकडे माशांच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं ते सुंदरलाल होरा यांनी. ते भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि माशांवरचे जगभर नावाजलेले तज्ज्ञ. त्यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर लेख लिहिला.

राजाची पद्धत मला फार आवडली, कारण ती दुकानदाराच्या नेमकी उलटी आहे. तो आधी गळ-आमिष दाखवत नाही, आधी मासे मांडतो. समुद्रातले कुठले, नदीतले कुठले. खवल्यांचे कुठले, बिनखवल्यांचे कुठले. मोठे, मध्यम, लहान. पस्तीसच्या आसपास प्रकार. त्यात रोहित आहे, म्हणजे आपला रोहू. पाठीन आहे, म्हणजे बहुधा आपला दातांचा शिवडा. मग कुणाला काय खाऊ घालायचं ते येतं. कुणाला पिठाचे, भाताचे, पेंडीचे गोळे, तर कुणाला मांस. गळ टाकण्याआधी ठरलेल्या जागी माशांना खाऊ घालून सवय लावायची. आजचे गळवाले हेच करतात, आणि आमचे मामाही पाण्यात कोंड्याचे गोळे टाकतात ते त्याचसाठी. आधी डेटा, मग इफ-एल्स. मी आधी बॉक्स विकत घेतला आणि मग मासा शोधत बसलो.

इथे एक सावधगिरी. 'बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं' असा फॉरवर्ड यातून बनवू नका, प्लीज. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६चं, आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक १६५३चं, त्यामुळे सोमेश्वर त्यांच्या आधीचा हे खरं. पण ग्रीक भाषेत ओप्पियनचं माशांवरचं काव्य दुसऱ्या शतकातलं आहे, आणि मॅसिडोनियातले लोक गळाला लोकर-पिसं बांधून खोटी माशी करतात ही नोंद एलियनने इ.स. २००च्या सुमारास केलीय. तेव्हा पहिला नंबर कुणाचा हा प्रश्नच चुकीचा.

मला छळणारा प्रश्न वेगळा. राजाला हे सगळं सांगितलं कुणी? पाठीनाला मांस लागतं हे सिंहासनावर बसून कळत नाही. कुणीतरी पहाटे गुडघाभर पाण्यात उभं राहून ते शिकलं असणार. त्याचं नाव राहिलं नाही, राजाचं राहिलं. गंमत म्हणजे याच कल्याणात, सोमेश्वरानंतर तीसेक वर्षांच्या आत, बसवण्णांच्या काळात शरणांमध्ये अंबिगर चौडय्या होते, धंद्याने नावाडी. त्यांची वचनं स्वतःच्या नावाने आजही वाचली जातात. पाण्यावर जगणारा माणूस स्वतः बोलला तो तेव्हा. फक्त, त्यांना माशांबद्दल विचारायला तेव्हा कुणी राजा गेला नाही.

आता आज्जी. आमच्या घरात मासा शिजत नाही. मी पकडून सोडून देतो, म्हणून मला वाटायचं की आपण सेफ आहोत. रात्री तिला मानसोल्लासाची गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "खायचा न्हाई तर धरायचा कशाला रे?"

मी म्हटलं, "विनोद. म्हणजे करमणूक."

"कुणाची? माशाची का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. मग ती म्हणाली, "आन् चातुर्मासात तरी न्हाई. ह्या दिसात जित्राबाला पिल्लं असत्यात."

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. लालसर ठिपक्यांचा तो घोळका! मरळीची पिल्लं लहानपणी तांबूस असतात, थव्याने वर येऊन श्वास घेतात, आणि आई-बाप खाली पहारा देत फिरतात. पावसाळा हाच त्यांचा विणीचा मोसम. त्या थव्यावर काहीही टाका, पालक भूक नसतानाही झडप घालतो, कारण त्याला ते आमिष वाटत नाही, शत्रू वाटतो. म्हणजे तिथे माझा बेडूक शंभर टक्के चालला असता. तीन तासांतला एकमेव हमखास मासा. आणि तो धरला असता तर मी त्याला सोडेपर्यंतच्या पाच मिनिटांत दुसऱ्या माशांनी पिल्लांचा फडशा पाडला असता. 'लेकुरवाळी' या एका शब्दात मामांनी हे सगळं सांगितलं होतं.

हा नियम तर सोमेश्वराहूनही जुना. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, चातुर्मासाच्या पौर्णिमांना आणि आणखी काही ठरावीक दिवशी मासे मारू वा विकू नयेत असा हुकूम आहे. काही मासे तर कधीच मारायचे नाहीत. आजही आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. राजाज्ञा, शासन निर्णय, आज्जी. तिघांचं म्हणणं एकच.

म्हणून माझं मत आता असं झालंय. लूर निवडण्याची विद्या म्हणजे मासा ओळखण्याची विद्या. पण ती अर्धी शिकलं की फक्त गळ कुठे टाकायचा ते कळतं. पूर्ण शिकलं की कुठे आणि कधी टाकायचा नाही तेही कळतं. सोमेश्वराच्या प्रकरणातून मी पहिला अर्धा भाग शिकलो, दुसरा काठावरच्या मामांकडून आणि आज्जीकडून.

रविवारी सकाळी परत तलावावर गेलो, बॉक्स न घेता. मामांना राजाची गोष्ट सांगितली. कोंड्याचे गोळे वळता वळता त्यांनी ती ऐकली. मग म्हणाले, "राजाला येळ लई हुता म्हना की." दोन गोळे मला वळायला दिले. माझे पाण्यात पडताच फुटले. ते हसले आणि म्हणाले, पाणी कमी घाला.

गळाचे उलटे काटे मी आता पक्कडने दाबून टाकलेत, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. बॉक्स दिवाळीपर्यंत कपाटावर. आज्जीच्या प्रश्नावर विचार चालू आहे. तोवर गोळे वळायची प्रॅक्टिस.