मुंबई ते अबू धाबी: तीन तास आणि पन्नास वर्षं



नव्याने येणारे नेहमी विचारतात, मुंबईहून अबू धाबी किती लांब? सरळ हवाई अंतर साधारण 1,970 किमी, विमानाला तीनेक तास, घड्याळात दीड तासाचा फरक. मुंबईहून सकाळी 10 ला निघालात तर इथल्या साडेअकराला उतरता. परतताना तो दीड तास चुकता करावा लागतो :-)

पण हे तीन तास आपल्यासारख्यांपर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली.

इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा 1929 मध्ये सुरू झाली. ती आधी इराणच्या किनाऱ्याने जायची. तिथली परवानगी संपल्यावर 1932 मध्ये मार्ग अरबी किनाऱ्यावर आला. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांनी जागा दिली आणि 5 ऑक्टोबर 1932 ला 'हॅनो' हे विमान तिथे उतरलं. तिथून पुढे ग्वादर आणि कराची. बरोबर दहा दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेतलं आणि एका इंजिनाचं पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. म्हणजे एकाच महिन्यात शारजा आणि मुंबई हवाई मार्गाने जोडली गेली.

पण जोडली गेली ती मुख्यतः टपालासाठी. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी घटली, बँडविड्थ नव्हती. साधा माणूस बोटीनेच यायचा. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या दुमरा, द्वारका, दारेसा आणि दारा या बोटी मुंबईहून बंदरं घेत घेत आखातात यायच्या. ट्रंक, वळकटी आणि डेकवर पथारी. घरून वाईट बातमीची तार आली, तरी पुढची बोट मिळून माणूस पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असे. 8 एप्रिल 1961 ला दुबईजवळ दारावर स्फोट होऊन आग लागली आणि 238 माणसं गेली. त्यानंतरही बोटी चालूच राहिल्या.

मग आलं 1982. बेटावरचा अल बतीनचा विमानतळ मागे पडून आपल्या खलिफा सिटीजवळचा आजचा विमानतळ सुरू झाला (2024 पासून त्याचं नाव झायेद आंतरराष्ट्रीय). त्याच वर्षी द्वारका ही शेवटची बोट निवृत्त झाली. आणि त्याच वर्षी 78 वर्षांच्या जेआरडींनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं. योगायोगच, पण लक्षात राहणारा.

आपण घरापासूनचं अंतर किमीत मोजतच नाही. रात्री फोन वाजला तर सकाळपर्यंत पोचू का, हाच हिशोब मनात असतो. रजा आणि तिकीट मिळालं तर आज उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. आधीच्या दोन पिढ्यांना ते म्हणता येत नव्हतं.

आई-बाबा इथे आले की मॉल दाखवून झाल्यावर शारजाच्या अल महत्ता संग्रहालयातही न्या. जुन्या विमानतळाची इमारत तीच. धावपट्टी होती तिथून आता किंग अब्दुल अझीझ रस्ता जातो.

कळावे, लोभ असावा.
(खलिफा सिटी, अबू धाबी)