तीनशे पन्नास ओहम

‘तीनशे पन्नास? असा नंबर येतच नाही. तीनशे तीस घ्या, नाहीतर तीनशे साठ.’

लॅमिंग्टन रोडवरच्या तिसऱ्या दुकानातही हेच उत्तर मिळाले. दुकानदाराचे काही चुकत नव्हते. बाजारातले रेझिस्टर ठरलेल्या श्रेणीत येतात. पाच टक्के चूक चालणार असेल तर दहापासून शंभरपर्यंत २४ आकडे पुरतात, आणि त्यांत ३३ नंतर थेट ३६ येतो. एक टक्क्याच्या ९६ आकड्यांच्या श्रेणीत ३४८ आहे, ३५७ आहे, ३५० नाही. मला ३५०च हवे होते. तेही तीन, आणि सकाळच्या गारव्यात नि दुपारच्या उन्हात माप न बदलणारे.

गरज पडली ती आमच्या गावच्या वाचनालयामुळे. इमारतीने शंभरी ओलांडलेली. माडीवर ग्रंथ, खाली वर्तमानपत्रांची टेबले, मधे पोलादी तुळया. त्यांतली एक वाकते आहे अशी शंका निघाली आणि इमारत पाडून गाळे काढावेत हा विचार समितीत बळावला. मी इंजिनिअर नाही. रेडिओदुरुस्तीपासून सुरुवात करून जे शिकलो ते पुस्तकांतून आणि स्वतः जाळलेल्या भागांतून. पण तुळईवरचा ताण मोजता येतो, एवढे ठाऊक होते.

त्याचे साधन म्हणजे स्ट्रेन गेज. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, ते शोधले. बारीक तार वस्तूला घट्ट चिकटवायची. वस्तू ताणली गेली की तारही ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. वाढ अगदी सूक्ष्म. लांबी दहा लाखांत एका भागाने वाढली, तर रोध दहा लाखांत सुमारे दोन भागांनी वाढतो. एवढा फरक टिपायला गेजला तीन स्थिर रेझिस्टरांची जोड देऊन चौकोनी पूल बांधतात. ही रचना सॅम्युएल ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रसिद्धीस आणली आणि नाव त्यांचेच राहिले. गेज ३५० ओहमचे, म्हणून सोबतचे तिघेही ३५०चे.

पहिला बोर्ड मी काडेपेटीएवढा केला. ३३० आणि २० एकापुढे एक जोडून ३५० साधले आणि तुळईखाली बसवला. दुपार चढू लागली तसा आकडा चढू लागला. तीन वाजेपर्यंत ३०० मायक्रोस्ट्रेन! पोलादात याचा अर्थ चौरस मिलिमीटरला सुमारे ६० न्यूटन ताण. मी तो कागद समितीपुढे ठेवला, आणि त्याच संध्याकाळी माडीला कुलूप लागले.

चूक माझी होती, तुळईची नव्हती. साध्या रेझिस्टरांपैकी एकाचा रोध इतरांच्या मानाने अंशामागे दहा लाखांत ५० भागांनी जास्त सरकत असेल, तर १२ अंशांच्या चढउतारात ६०० भाग होतात. गेजच्या भाषेत तेच ३०० मायक्रोस्ट्रेन. तुळई स्वस्थ होती. माझे रेझिस्टर तापत होते.

उष्णतेने न हलणारा रेझिस्टर कोणी केला, हे शोधताना मी एका तळघराशी पोहोचलो. तेव्हाच्या पोलंडमधल्या ग्रोड्नो शहरातला फेलिक्स झांडमन हा ज्यू मुलगा. १९४३ मध्ये नाझींनी तिथली ज्यू वस्ती रिकामी करायला घेतली, तेव्हा ॲना आणि यान पुखाल्स्की या पोलिश दांपत्याने त्याला आपल्या घराच्या जमिनीखालच्या खड्ड्यात लपवले. फेलिक्सच्या आजीने ॲना यांना पूर्वी अडचणीत मदत केली होती. ते ऋण बाई विसरल्या नव्हत्या. घरात स्वतःची पाच मुले, आणि पकडले गेल्यास सगळ्यांना मरण. त्या खड्ड्यात धड उभे राहता येत नसे. तिथे १७ महिने काढताना मामा सेंडर फ्रेडोविच यांनी अंधारात, कागदाशिवाय, भाच्याला गणित शिकवले.

युद्धानंतर झांडमन फ्रान्समध्ये शिकले, पुढे अमेरिकेत गेले. वस्तूवर खास प्लास्टिकचा थर देऊन तिच्यातला ताण ध्रुवित प्रकाशात रंगांनी दाखवणे, हा त्यांचा मूळ विषय. ताण आणि उष्णता यांचे नाते जाणणाऱ्या या माणसाने रेझिस्टरचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. तापल्यावर धातूच्या पातळ पत्र्याचा रोध वाढतो. पत्रा सिरॅमिकच्या तुकड्यावर पक्का चिकटवला, तर सिरॅमिक कमी प्रसरण पावते आणि पत्र्याला मनासारखे फुलू देत नाही. पत्रा दाबला जातो, आणि दाबाने रोध घटतो. वाढ आणि घट जुळवली की बाकी जवळजवळ शून्य. शिवाय पत्र्यावरच्या नक्षीतल्या रेघा छाटत नेऊन हवा तो आकडा साधता येतो. श्रेणीचे बंधन उरत नाही. १९६२ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि तिला लिथुआनियातल्या आजीच्या गावाचे नाव दिले : व्हिशे. युद्धात मारल्या गेलेल्या आप्तांची ती आठवण. झांडमन २०११ मध्ये वारले.

असे रेझिस्टर नवे घ्यायचे तर किंमत आणि किमान नगांची अट, दोन्ही मला झेपणारी नव्हती. मग पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या. पाचव्या रविवारी एका ताडपत्रीवर ताण मोजण्याचे मोडके यंत्र दिसले. अशा यंत्रांच्या आत पूल पुरा करण्यासाठी १२० आणि ३५० ओहमचे अचूक रेझिस्टर असतात, हे वाचलेले होते. विक्रेत्याने ते भंगाराच्या भावाने तोलून दिले. घरी आल्यावर कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलेला बोर्ड उघडला, डाग काढला, एकेक मापला. हवे ते तीन मिळाले. हेअर ड्रायरने तापवले, तरी माझ्या मीटरला फरक कळेना.

नवा बोर्ड बसवल्यावर दिवसभर रेघ सपाट राहिली. मग तालुक्याच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर आम्ही तुळईवरच्या भागात ग्रंथांचे गठ्ठे रचले. आकडा वाढला. गठ्ठे उतरवले, आकडा होता तिथे परत आला. म्हणजे पोलादाची लवचीकता शाबूत होती. पहिल्या बोर्डाला हे कधीच दाखवता आले नसते, कारण त्याला स्वतःलाच परतीची जागा नव्हती.

इंजिनिअरांनी गंज खरवडून रंग द्यायला आणि जड कपाटे भिंतीकडे सरकवायला सांगितले. गाळ्यांचा विषय मिटलेला नाही, पुढे ढकलला आहे. माडीचे कुलूप मात्र निघाले. माझ्या कागदाने लागलेले कुलूप माझ्याच हाताने काढायला समितीने मला बोलावले, हे माझ्यावर त्यांचे उपकारच.